डावं तीन, उजवं एक

काशिराम घरतने चौथ्यांदा जॅक लावला. त्याच्या तोंडातून जी शिवी निघाली ती गाडीला होती, भाच्याला होती का स्वतःला, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

गाडी भाच्याची, बेलपाड्याच्या धनेशची. जुनी हॅचबॅक, मागची सीट, एसी, कार्पेट सगळं उपसून हलकी केलेली, निव्वळ ट्रॅकवर पळवायला. रविवारी घाटापलीकडच्या ट्रॅकवर तिला उतरायचं होतं आणि शुक्रवारची दुपार कलायला आली होती. महिन्यापूर्वी काशिरामनेच तिचं अलाइनमेंट केलेलं. तेव्हापासून ब्रेक दाबला की ती उजवीकडं ओढायची, आणि डाव्या टायरची आतली कड खरवडून निघायची.

काशिरामचं नाव पनवेलपासून उरणपर्यंत. बाप मिठागरात राबला. मिठागर बुजलं, वर भराव पडला आणि त्याच भरावावर काशिरामने पत्र्याची शेड ठोकली. आतला कोबा आठ वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्या हाताने घातला, गवंड्याच्या पाण्याच्या नळीने लेव्हल काढून. कुणी म्हणालं, आता कम्प्युटरचं मशीन घ्या, की तो त्या कोब्यावर टाच आपटायचा. "मिठागरवाल्याचा कोबा हाय ह्यो. पानी वोतलास तरी जागचं हलनार नाय."

साध्या गाड्यांची चाकं तो दोरी ताणून सरळ करी, त्यात कधी बोट ठेवायला जागा नसे. ट्रॅकच्या गाडीचं निराळं. तिची पुढची चाकं वरच्या बाजूने थोडी आत कललेली लागतात, आणि दोन्हीकडचा कल सारखा लागतो. तो मोजायला चाकाला चिकटवायचा गेज होता. धनेशला दोन्हीकडं दोन-दोन अंश हवे होते. गेज दोन-दोनच दाखवत होता. आणि गाडी ओढतच होती.

तीन दिवस त्याने काय नाही केलं! टायर डावा-उजवा बदलून बघितला. खालच्या आर्मचे बुश नवे घातले. शॉकअपचं वरचं माउंटिंग उघडलं, बेअरिंग हलवून बघितलं, ब्रेक खोलून साफ केले. प्रत्येक वेळी गेज म्हणे दोन-दोन, आणि रस्ता म्हणे उजवीकडं.

काल तर त्याचा तोल गेला. शेडला लागून असलेल्या चहाच्या टपरीवर चार माणसांत तो धनेशवर ओरडला, "तू ठोकलीस ती कुठंतरी! आनि आता माज्या मापावर ढकलतंस!"

"मामा, आईची आन, नाय ठोकली."

"तिची आन घालू नको, ती माजी बहीन हाय!"

टपरीवरचे हसले. धनेश हसला नाही. चहा अर्धा टाकून उठला आणि बाईकला किक मारून निघून गेला.

बायको रंभा डबा घेऊन आली होती ती अजून स्टुलावर बसूनच होती. "अवो, जेवा आदी. गाडी पलून नाय जानार."

"पललीच तर उजवीकडं जाईल," काशिराम गुरगुरला.

ब्रेकचा बोल्ट आवळून त्याने पुन्हा माप घेतलं. दोन-दोन. जेएनपीटीच्या रस्त्याला चार किलोमीटर पळवून आला. ओढलीच. परतला तर शेडच्या तोंडाशी पाण्याचा टँकर आडवा. हॉर्न मारून हात दुखला तरी टँकरवाला दिसेना, म्हणून गाडी मागच्या फाटकातून घातली. म्हणजे एरवी तोंड भिंतीकडं असायचं ते आज रस्त्याकडं झालं.

चिडीचिडीतच त्याने गेज लावला. डावं तीन. उजवं एक.

"आरं?" तो उकिडवा बसला. अर्ध्या तासापूर्वी दोन-दोन होतं. एक नट ढिला नाही, गाडी खड्ड्यात गेली नाही. गेज पुसून पुन्हा लावला. तीन आणि एक.

टँकर हलल्यावर त्याने गाडी बाहेर काढली, वळवली, नेहमीसारखी तोंड भिंतीकडं करून लावली. दोन-दोन. परत उलटी लावली. तीन-एक.

रंभा डबा मांडीवर धरून बघत होती. "गाडी फिरवली की आकडा फिरतंय, मंग गाडीचा काय दोष?"

काशिराम उठला. माळ्यावरून पाण्याची नळी काढली, एक टोक अलीकडच्या चाकापाशी तिच्या हातात दिलं, दुसरं घेऊन पलीकडच्या चाकापाशी गेला. नळीतलं पाणी थांबलं. टपरीच्या बाजूचा कोबा बोटभर खाली गेला होता. कधी, कसा, देव जाणे, भरावच तो. गाडी कोब्यावर तिरकी उभी राहायची, आणि तो त्या तिरक्या गाडीची चाकं सारखी करून रस्त्यावर वाकडी धाडत होता.

"बाबा दरसाल पावसाला सरला की मिठागराचा तळ पायानं तुडवून नवा करायचा," तो म्हणाला. "मी आठ वरसं नळी लावली नाय."

"आता दात काय खाता? भाच्याला फोन करा."

आधी त्याने काम केलं. खचलेल्या बाजूच्या दोन्ही चाकांखाली प्लायचे तुकडे सारले, नळीने लेव्हल बघितली, मग कल नव्याने बांधला. रस्त्यावर स्टिअरिंग सोडून ब्रेक दाबला. गाडी नाकासमोर थांबली. आनंद व्हायला हवा होता. उलट स्वतःवरच चरफडत त्याने फोन लावला.

"धनेश, ने गाडी. चूक माजी व्हती. कोबा खचलाय."

पलीकडून धनेशने विचारलं, "हे टपरीवर सांगाल?"

"सांगन," काशिराम म्हणाला.

डबा उघडायला बसला आणि हात तसाच राहिला. याच कोब्यावर असा कल लावून नेलेली अजून एक गाडी होती, पनवेलच्या शार्दूलची. पोरगा दोनदा तक्रार घेऊन आला होता. काशिरामने नंबर लावला.

"शार्दूल, गाडी उजवीकडं वढते ना रं तुजी?"

"काका, तुम्हीच म्हणालात ना, माझा हात जड आहे म्हणून? मी ड्रायव्हिंगचा क्लास लावलाय."

"सोड क्लास," काशिराम खेकसला. "आन गाडी उद्या सकाली."