आंबट वासाचा डबा

युरोपातल्या एका विद्यापीठाची चित्रपट-इतिहासाची उन्हाळी शाळा मी बदलापूरच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून केली. तिकडे उन्हाळा होता, इकडे चार-चार दिवस कपडे वाळत नव्हते. दोन आठवडे, रोज दुपारी दीड ते पाच. मी अंबरनाथला केमिकल फॅक्टरीच्या लॅबमध्ये काम करते. तिथून रजा घेतली तेव्हा बावन्नाव्या वर्षी कसली शाळा म्हणून सगळे हसले. मीही हसले.

प्रवेश मिळाला तो बाबांच्या जिवावर. बाबा उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या एका थिएटरात ऑपरेटर होते. मशीनमध्ये फिल्म फाटली की फाटका भाग कापायचा, टोकाला टोक चिकटवायचं आणि खेळ पुढे चालू करायचा, हे त्यांचं रोजचं काम. कापलेले तुकडे बाकीचे ऑपरेटर फेकून देत. बाबा ते एकामागे एक जोडत गेले. नोकरीभरात त्याचं एक अख्खं रीळ झालं. थिएटर बंद झालं त्या दिवशी त्यांनी ते शेठना, डोअरकीपरला आणि आम्हा घरच्यांना दाखवलं. कोणी जिन्यावरून पडतंय, लगेच कोणाची तरी वरात, मध्येच अर्धी ओळ गाणं, मग नुसताच एक दरवाजा. सिंधी शेठ म्हणाले, "साईं, इसमें स्टोरी कहां है?" बाबा म्हणाले, "शेठ, यही तो आपके थिएटर की स्टोरी है."

अर्जात मी हे सगळं लिहिलं. शेवटी एक वाक्य घातलं: ते रीळ घर आवरताना हरवलं.

हरवलं नव्हतं. मी दिलं होतं.

याला वीस वर्षं झाली. बाबा पंधरा दिवस गावी गेले होते आणि माळ्यावर ठेवलेल्या त्या रिळाच्या डब्याला आंबट वास सुटला होता. ॲसिटिक ॲसिडचा, म्हणजे व्हिनेगरचा वास. लॅबमध्ये मी तो रोज घेते. आमच्याकडे नियम असा, की वास मारणारा डबा आधी बाहेर काढायचा, मग चौकशी करायची. मी घरी तेच केलं. डबा भंगारवाल्याला देऊन टाकला. चौकशी राहिली.

बाबा परत आले, माळ्यावर चढले, उतरले. "तायडे, माझा डबा?"

"मला काय माहीत?"

असं का म्हणाले, ते आजही सांगता येत नाही. त्यांचा चेहरा पाहिला आणि तोंडातून तेच निघालं. थोड्या वेळाने ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मावशीने काढून दिला असेल."

मावशी म्हणजे आमच्याकडे धुणंभांडी करायची ती. बारवी धरणाकडच्या एका वाडीवरून यायची, बिल्डिंगमध्ये तिची चार घरं होती. मी म्हणाले, "असेल."

एवढाच शब्द. दुसऱ्या दिवशी बाबांनी तिचं येणं बंद केलं. जिन्यात त्याची चर्चा झाली आणि महिन्याभरात उरलेली तीन घरंही सुटली. त्यात सगळ्यात आधी तिला काढलं ते दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी. पुढे मावशी पावसाळ्यात कुळगावच्या बाजारात रानभाज्या घेऊन बसायला लागली. कुठे बसते ते मला माहीत होतं. म्हणूनच मी वीस वर्षं त्या गल्लीतून भाजी घेतलेली नाही.

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी वर्गात नेमका त्याच वासाचा विषय निघाला. शिकवणारे सर सांगत होते, जुन्या फिल्मला व्हिनेगरसारखा वास यायला लागला की ती बिघडायला लागली असं समजायचं. अशा वेळी ती थंड, कोरड्या जागी ठेवायची आणि लवकरात लवकर तिची प्रत काढून घ्यायची. अजून वेळ असतो.

बाबा रोज माझ्या मागे खुर्ची टाकून बसत. चौऱ्याऐंशी वर्षांचे, नजर अधू, कान शाबूत. "काय म्हणतोय हा गोरा?"

"जुनी फिल्म सांभाळायची कशी, ते."

"आता सांगतोय! तेव्हा कुठे झोपला होता?" आणि ते खूश होऊन हसले.

मला हसता आलं नाही. वर्ग संपताना सर म्हणाले, शुक्रवारी तुमच्या वडिलांना भेटायला आम्हाला फार आवडेल. आणि ते रीळ नेमकं कसं हरवलं, तेही ऐकायचंय.

बाबांनी लगेच पांढरा शर्ट इस्त्रीला द्यायला लावला. आता त्यांच्या शेजारी बसून, जगभरच्या वीस माणसांसमोर, ते खोटं मला पुन्हा बोलायचं होतं.

गुरुवारी सकाळी त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी कप न पिताच बशीत ठेवला.

"भंगारवाल्याने उघडून बघितलं होतं का गं?"

"नाही."

"म्हणजे आत काय आहे ते कुणी बघितलंच नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या बाईची कामं गेली ना यात. तिला सांगितलंस?"

शुक्रवारी सकाळी मी त्या गल्लीत शिरले. मावशी गोणपाटावर बसली होती, पुढे कंटोली आणि टाकळ्याच्या जुड्या. केस पार पांढरे. मी खाली बसले आणि डब्याचं सांगायला लागले, तशी तिने हातानेच थांबवलं.

"म्हायत हाय मला. भंगारवाला डबा घेऊन उतरत व्हता, तवा जिन्यात मीच त्याला वाट दिली."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मी बोलले असते तर कोनी ऐकला असता? मला वाटलं, तुमी बोलाल."

मी हात जोडले. तिने शेजारी बसलेल्या भाजीवालीकडे बघून तोंड वाकडं केलं. "मला काय हात जोडता? मी घेतला नाय, ह्ये मला ठावं हाय. तुमच्या जिन्यातल्या बायांना सांगा. त्यांच्या घरातून येताना माझी पिशवी उघडून बघत व्हत्या." मग एकदम रोजच्या आवाजात, "कंटोली देऊ?"

घरी आले तेव्हा सव्वा वाजून गेला होता. बाबा पांढरा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसलेच होते, केसांना तेलही लावलेलं. मी वर्ग जोडून दिला. सरांना आणि वर्गातल्या सगळ्यांना सांगणं बिल्डिंगमधल्या बायकांना सांगण्याच्या मानाने सोपं आहे, हे मला जिन्यातच उमगलं होतं. ती माणसं मला पुन्हा कधी भेटणार नव्हती.

"दीडला पाच मिनिटं आहेत. कुठे निघालीस?" बाबांनी विचारलं.

"दुसऱ्या मजल्यावर."

त्यांनी माझी खुर्ची हाताने चाचपून स्वतःच्या जवळ ओढून ठेवली.

खाली येऊन काकूंची बेल दाबली. आतून कुकरची शिट्टी, मग चपला. दार उघडून काकू म्हणाल्या, "अगंबाई, तू? शाळा नाही का आज?"

"आहे," मी म्हणाले. "आपल्याकडे मावशी यायच्या ना, वाडीवरच्या. त्यांच्याबद्दल बोलायचंय. आत येऊ का?"