पुढे पळवलेला सिनेमा

बाबांच्या पोटात काय आहे, हे बाबा सोडून आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी माझ्या दोन्ही भावांना बाहेर बोलावून सांगितलं, आणि बाबांना आम्ही अल्सर म्हणून सांगितलं. तेव्हा तशीच पद्धत होती. पेशंट खचू नये म्हणून घरादाराने नाटक करायचं. नाटक आम्हाला जड नव्हतं. इंदिरानगरच्या त्या तीन खोल्यांत माझे भाऊ दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. समोरासमोर जेवायला बसायचे आणि एक जण म्हणायचा, "आई, त्याला सांग, मीठ सरकव." आई चांदवडकडची. चिडली की तिची भाषा माहेरी जायची. "मी काय तुमची पोष्टमन हाय का?" असं म्हणून ती स्वतःच मीठ सरकवायची.

त्या उन्हाळ्यात बाबांनी एकच हट्ट धरला. व्हिडिओ आणा, आणि हाच सिनेमा आणा. नाव घेऊन सांगितलं. एका भांडकुदळ कुटुंबाचा विनोदी सिनेमा होता म्हणे. आम्हाला वाटलं, माणसाला हसायचंय, हसू द्या. रविवारी दुपारी भाड्याचा रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर रिक्षातून आला. शेजारीपाजारी चटईवर बसले, बाबा पलंगावर लोडाला टेकून.

निम्मा सिनेमा आम्ही पोट धरधरून हसलो. पडद्यावरची माणसं आमच्याइतकीच बिनडोक होती. दोघे भाऊ एकाच जागी हसले की लगेच तोंडं फिरवायचे. बाबा सिनेमा कमी आणि आम्हालाच जास्त बघत होते. मग पडद्यावरचा बाप आजारी पडला. डॉक्टरने चष्मा काढला मात्र, माझ्या मोठ्या भावाने झेप घेऊन बटण दाबलं. चित्र पळायला लागलं. नर्स धावताहेत, सुना भराभर डोळे पुसताहेत. शेजारची पोरं खिदळायला लागली.

"अरे, पळवता कशाला? बघू द्या की," बाबा म्हणाले.

"कॅसेट खराब आहे, बाबा."

"बंदच कर, दादा," धाकटा म्हणाला.

थेट त्याला म्हणाला, दोन वर्षांनी. आणि दादाने ऐकलंही. आमचं घर एकदाचं एक झालं, ते बाबांना गप्प करायला. मला त्याची अजून चीड येते.

संध्याकाळी कॅसेट परत गेली. आई दूध घेऊन बाबांच्या उशाशी गेली, मी दारात उभी होते. बाबांनी तिला विचारलं, "शेवटी काय झालं असेल गं त्या माणसाचं?"

"बरा झाला असंल. सिनेमात बरेच व्हतात."

बाबा हसले. "मी थेटरात बघितलाय तो. मरतो तो. पण त्याआधी सगळ्यांना जवळ बसवून बोलून घेतो. तेवढं तुम्ही बघायला हवं होतं."

मला वाटलं, आता आई त्यांच्याजवळ बसेल.

"लय बोलू नका," ती म्हणाली. "दूध घ्या, गार व्हतंय."

बाबांनी मुकाट्याने दूध घेतलं. पुन्हा त्यांनी कसलाच हट्ट धरला नाही. आषाढात ते गेले. त्यांना काय बोलायचं होतं, हे आम्हा चौघांपैकी कुणालाच माहीत नाही.