तात्यांनी न टाकलेली साखर

कऱ्हाटीचे धोंडीतात्या आज गेले. मला वाईट वाटलेलं नाही.

सकाळपासून ग्रुपवर वाचतोय. मनमिळाऊ. शांत स्वभाव. गावाचा आधारवड.

बांधाला बांध लागून राहिलो मी. सावली काही माझ्याकडं पडली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी सोमेश्वरनगरला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होतो. पुढं स्वतःचा ट्रॅक्टर केला, कऱ्हाटीच्या माळावर एक टेकडी घेतली आणि उतारावर डाळिंबासाठी पट्टे पाडायला सेकंडहँड छोटा चेन डोझर आणला.

त्या टेकडीवर तात्यांची मेंढरं चरायची. मेंढरांना खरेदीखत दाखवून उपयोग नव्हता. तात्यांनाही.

पहिल्याच दिवशी डोझरच्या ब्लेडसमोर बाज टाकून आडवे झाले.

"चालव की रं ड्रायव्हर. हितंच पुरून टाक मला."

मी इंजिन बंद केलं. ऊन चढलं तसे उठून गेले, बाज मात्र तिथंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

शेवटी तलाठी आले, मोजणी झाली, पंच बसले. सगळं माझ्या बाजूनं लागलं. तात्यांनी बाज उचलली.

आणि माझा डोझर बंद पडायला लागला.

सपाटीवर झकास. चढाला तोंड केलं की वरच्या वळणावर, बरोबर तात्यांच्या बांधाशी, मरायचा. डिझेलच्या लाईनीतली एअर काढायची, चालू करायचा, पुन्हा चढ, पुन्हा बंद. मेकॅनिकनं फिल्टर बदलले, पंप खोलला. फरक शून्य.

गावात बोलणं सुरू झालं, तात्यानं टाकीत साखर टाकली. आमच्या साखरेच्या मुलखात दुसरं काय सुचणार.

एकदा पारावर कुणीतरी तोंडावरच विचारलं. मी मागं चहा पीत बसलो होतो, हे तात्यांनी बघितलं होतं.

"तात्या, खरं हाय का वो?"

तात्यांनी मिशी पुसली. "मूठभर. उगं जास्ती कशाला वाया घालवायची?"

सगळा पार हसला. मोजणीत हरलेला माणूस एका वाक्यात परत उभा राहिला.

मी पोलिसात निघालो होतो. पण माझे कान मला गप्प बसू देईनात.

मरायच्या आधी इंजिनाचा आवाज वर-खाली व्हायचा, दम लागल्यासारखा. घाण अडकलेलं इंजिन असं मरत नाही, ते दबत दबत जातं. हे हवा ओढत होतं.

टाकी उतरवली. साखर डिझेलमध्ये विरघळत नाही, तळाला बसते. तळ पुसून बघितला. स्वच्छ.

मग डोक्यात उजेड पडला. तात्यांची माणसं डिझेल चोरतील म्हणून मी टाकी कधी भरतच नव्हतो. तळाला थोडंसं ठेवायचो. डिझेल ओढायचा पाइप टाकीच्या पुढच्या अंगाला. डोझरचं नाक वर झालं की डिझेल मागं सरकायचं आणि पाइप उघडा पडायचा. वरच्या वळणावर चढ सगळ्यात खडा, म्हणून तिथं.

टाकी गच्च भरली. डोझर गुमान टेकडी चढला.

तसाच तात्यांच्या दारात गेलो.

"तात्या, साखर नव्हती. हवा होती."

"हळू बोल. आत पाव्हणं बसल्यात."

"अन मी पोलिसात गेलो असतो मंजे?"

"मी कबूल केलं असतं. तुला काय तरास हाय?"

मी परत आलो आणि गावात हे कुणाला सांगितलं नाही. दया वगैरे काही नाही. म्हातारा मूठभर साखरेवर खूश राहिला तर नवीन काही करायला जाणार नाही, असा माझा हिशेब.

हिशेब चुकला. त्याचं पुढं सांगतो.

आज दुपारी अग्नी दिला, तात्यांच्याच रानात. मी गेलो होतो. त्यांचा मुलगा मारुती सगळ्यांसमोर माझ्यापुढं हात जोडून उभा राहिला.

"आण्णा, त्या साखरेचं मनात ठेवू नगा. आमच्या म्हाताऱ्याला माफ करा."

सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. नुसती मान हलवली असती तर मोठ्या मनाचा ठरलो असतो. फुकटात.

"मारुती, तुझ्या बापानं साखर टाकली न्हाय. माझ्या मशीनला त्यानं कधी हात लावला न्हाय. न केलेल्याची माफी मागू नगंस."

मागून एक म्हातारबा पुटपुटले, "मंग आमी इतकी वर्षं कशाला हासलो?"

मारुतीचा चेहरा मोकळा झाला. "मंजे बापाचं तुमच्याकडं काईच न्हाय?"

त्याला बाजूला घेतलं.

"हाय. माझ्या थोरलीला बघायला सणसरचं पाव्हणं येत हुतं. तुझ्या बापानं त्यांना फाट्यावर गाठून सांगितलं, पोरीला फिट येत्यात. गाडी तितनंच माघारी वळली. घरी पोहं झालं हुतं, पोरगी साडी नेसून बसली हुती."

माझ्या मुलीला आयुष्यात कधी फिट आलेली नाही. आज ती पुण्यात सुखात आहे, तो भाग वेगळा. हे लिहू का, म्हणून तिला फोन केला. म्हणाली, लिहा, नाव सोडून सगळं लिहा.

मारुती खाली बघत म्हणाला, "मला ठावं नव्हतं, आण्णा."

"म्हणून तर सांगितलं."

"त्याची मागू का माफी?"

"नगं. मी देणार न्हाय."

मारुतीबद्दल माझ्या मनात काही नाही. त्यानं उद्या डोझर मागितला तर पाठवीन.

पण तात्या, तुम्ही जे केलं नव्हतं ते आज चारचौघांत तुमच्या नावावरून काढलं. जे केलं ते तुमच्याच नावावर राहील.

दहाव्याला येईन. जेवायला थांबणार नाही.