चौकोन मास्तरांचा समुद्र

चौकोन मास्तरांना सगळं जग चौकोनांत दिसायचं. भाकरीवरही ते मनातल्या मनात रेघा मारत असावेत. सोलापुरातल्या आमच्या चादर कारखान्यात मी कारकून होतो आणि ते नक्षी काढायचे. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा, मग ती नक्षी मागावर चढायची. "एक चौकोन चुकला की फूल लंगडं हुतंय," म्हणायचे.

त्यांचा जावई कोकणात सरकारी नोकरीत, भरतीचं पाणी मोजायच्या कामावर. त्यानं किनाऱ्यालाच घर बांधलेलं. समुद्र दर पावसाळ्यात वाडी खात पुढं येत होता. बंधारा घाला म्हणून त्यानं वर आकडे पाठवले, कुणी ढुंकून पाहिलं नाही. मास्तर म्हणाले, "नुसत्या आकड्याला कोण भितंय? रंगात दावू की." आणि त्याच आकड्यांवरून त्यांनी चादर काढली. निळं वाढत जातं, लाल घरं कमी होतात, शेवटी एकच उरतं. ते लेकीचं.

कारखान्याचे शेठ हसले. "हितं दुष्काळात लोक घागरी घिऊन हिंडाय लागलेत, अन् तुमचं पाणी जास्त झालंय व्हय?" पण रंग त्यांच्या मनात भरले. "दोनी टोकं सारखी पायजेत मात्र. अर्ध्यातनं उलटी फिरवा."

"शेठ, समुद्र उलटा फिरंना झालाय! हात जोडतो." मास्तरांनी सगळ्यांसमोर खरंच हात जोडले. मला बघवेना. शेठांनी दुसऱ्याकडून नक्षी फिरवून घेतली, आणि ती मेली चादर तुफान खपली!

तीच घेऊन आम्ही दोघं मुंबईला बंधाऱ्यांच्या खात्यातल्या साहेबांकडे गेलो. मास्तरांनी अर्धी आत दुमडून टेबलावर ठेवली, आकडे समजावू लागले. साहेबांनी कौतुकानं ती पुरती उलगडली.

"अहो, पण शेवटी पाणी ओसरलंच की!"

मास्तरांनी खूप सांगितलं. पण तोवर पुढचा माणूस आत आला होता.

त्याच पावसाळ्यात घर गेलं. माणसं वाचली, एवढंच. लेक एका ट्रंकेनिशी सोलापूरला आली. मी भेटायला गेलो तेव्हा मास्तर ओट्यावर चादर मांडीवर घेऊन उलट्या फिरवलेल्या टोकाकडून आडवे धागे ओढून काढत होते. खाली लाल-निळ्या सुताचा गुंता पडला होता.

"मास्तर, आता उसवून काय उपयोग?"

"खोटं तेवढं काढतो," ते म्हणाले. त्यांना पुढचा धागा सापडत नव्हता.

लेक आतून आली, त्यांच्याशेजारी बसली आणि तीही धागे ओढू लागली.