चेहरा जुळत न्हाई

बाई आधी फोन हातभर लांब धरायच्या. मग एक डोळा बारीक करून पडद्यावरचा फोटो आणि समोरचा माणूस आळीपाळीने बघायच्या. बाजारात बैलाचे दात बघणारासुद्धा याहून मायेने बघत असेल. निकाल दोनच असत. एक, "बसा." दुसरा, "चेहरा जुळत न्हाई. नंतर या."

तुमच्याही ऑफिसात असं कुणी असेल, ज्याच्या टेबलापुढे उभं राहिलं की आपण आपणच आहोत ना, अशी शंका येते. आमची कंपनी अर्धापूरकडची केळी घेऊन बाहेर पाठवायची, ऑफिस नांदेडला. कटाई झाली की बागेतला आमचा माणूस फोनवरून घडांची नोंद सर्व्हरला पाठवी, आणि सर्व्हर आधी त्याच्या नावाची चावी, म्हणजे ओळखीचा गुप्त कोड, मागे. पूर्वी या चाव्या ऑफिसात बनवून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत. एकाची चावी दुसऱ्याने वापरली, माल गायब झाला आणि ज्याचं नाव होतं तो बिचारा पोलीस ठाण्यात जाऊन बसला. चाव्यांचं काम बाईंकडे आलं आणि हे बंद झालं. चावी ज्याच्या त्याच्या फोनातच तयार होणार, फोनाबाहेर कधी निघणार नाही, आणि माणूस समोर बघितल्याशिवाय बाई तिला मान्यता देणार नाहीत.

त्यामुळे फोन बदलला की इस्लापूरचा असो की किनवटचा, माणसाला नांदेड गाठावंच लागे. लोक मनातल्या मनात शिव्या घालत आणि येताना केळीचा घड आणत. बाई घडाकडे न बघता म्हणायच्या, "बेडा." बेडा म्हणजे नको. त्या उदगीरच्या, तिकडचं कानडी त्यांच्या तोंडात एवढंच उरलं होतं आणि तेवढं त्यांना पुरत होतं. चावी मेसेजवर पाठवायला काय जातं, असं एकदा मी विचारलं. बाई लिंगायत. त्यांनी गळ्यातल्या लिंगाच्या चौकड्याला, त्या चांदीच्या डबीला, हात लावला.

"हे गुरूनं हातात दिलं. कुरिअरनं न्हाई पाठवलं."

हिमायतनगरच्या नागोरावचा फोन ऐन कटाईत विहिरीत पडला. नवा फोन घेऊन तो आला तेव्हा त्याचा बाप नुकताच गेलेला, डोक्याचा गोटा, मिशीसुद्धा नाही. बाईंनी फोन लांब धरला, डोळा बारीक केला. बाप गेला म्हणून केस काढले, असं त्याने सांगितलं. आधार कार्ड दाखवलं. त्यातबी केस हायत, असं बाई म्हणाल्या आणि त्याला परत पाठवलं. मॅनेजरने त्याच्या बागा दुसऱ्याला दिल्या, नागोरावचा सगळा सीझन हातचा गेला. केस वाढवून तो आला तेव्हा बाईंनी तितकाच वेळ बघून "बसा" म्हटलं, जणू मधे काही घडलंच नव्हतं.

चहाच्या वेळी मी बाईंना बोललो. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्याचं नाव सांगून दुसराच कुणी टकला आला असता, आन् मी सोडलं असतं, तर ठाण्यात कोण बसलं असतं?" म्हणणं बरोबर होतं. तरी त्या दिवशी मला बाईंचा राग आला, तो अजून गेलेला नाही.

सगळ्या चाव्यांना मान्यता देणारी मुख्य चावी बाईंच्याच फोनात होती. माझं काही झालं तर पंचाईत होईल, अशीच मान्यता देणारं दुसरं यंत्र जोडीला घेऊन द्या, असं त्यांनी मॅनेजरला कितीदा तरी सांगितलं. तो पुढच्या सीझनला बघू म्हणायचा. मग एका सकाळी बाई झोपेतच गेल्या. ऐन कटाईचे दिवस होते.

आम्ही उदगीरला गेलो. नागोरावही एसटीने आला होता. त्यांच्या रिवाजाप्रमाणे बाईंना भिंतीशी बसवलं होतं, कपाळभर विभूती, डाव्या तळहातावर लिंग. इतक्या निवांत बसलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मॅनेजर दर्शनाला वाकला आणि वाकलेलाच राहिला. मी जवळ जाऊन बघितलं. त्याने बाईंच्या भावाकडून त्यांचा फोन मागून घेतला होता. तो डाव्या अंगठ्याने उघडायचा. डोळे पुसायला काढलेल्या रुमालाने मॅनेजर बाईंच्या अंगठ्यावरची विभूती पुसत होता. लिंग मधे येत होतं. त्याने एकदा अंगठा फोनवर दाबला, मग दुसऱ्यांदा, मग जोर लावून. फोन दरवेळी थरथरून नाही म्हणत होता. भावाला काय चाललंय ते कळेना, आणि आम्हाला कळूनही आम्ही उभेच राहिलो. लाज वाटली, पण पाय हलला नाही.

नागोराव पुढे झाला. त्याने मॅनेजरच्या हातातून फोन काढून घेतला. हातभर लांब धरून एक डोळा बारीक केला, फोनाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं.

"चेहरा जुळत न्हाई साहेब," तो म्हणाला. "नंतर या."

कुणी हसलं नाही. तो सूड होता की माया, मला आजही सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही असावं. मॅनेजर मागे सरला. नागोरावने वाकून अंगठ्याला पुन्हा विभूती लावली आणि फोन भावाला देऊन टाकला.

आता नवा माणूस पुण्यात बसतो. सगळं पहिल्यापासून उभारलं आणि सगळ्यांच्या चाव्या त्याने एका दुपारी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकून दिल्या. लोकांचा हेलपाटा वाचला. अर्धापूरहून घड आला, तो मॅनेजरने घरी नेला. बाईंचं नाव आता कुणी काढत नाही.

एका सकाळी नागोराव आला. मी म्हटलं, "नागोराव, ग्रुपवर आलीय की तुमची चावी, कशाला आलात?"

"बेडा," तो म्हणाला.

मग टोपी काढून तो बाईंच्या रिकाम्या खुर्चीपुढे उभा राहिला आणि नीट दिसावा म्हणून त्याने चेहरा जरा वर केला.