दुपारची ऊब

बाळाला घेऊन माहेरी अंथुर्ण्याला आले त्या दिवशी मी सारखी तिच्या कानांकडे पाहत होते. ते अजून पुरते घट्ट झाले नव्हते. कुशीवर निजवलं की कान दुमडायचा आणि तसाच राहायचा. मग पुस्तकाच्या पानाचा मुडपलेला कोपरा सरळ करावा तसा तो बोटाने सरळ करावा लागे. खांद्यांवर बारीक लव होती. ही लव एरवी पोटातच गळून जाते, असं मी वाचलं होतं. म्हणजे सहसा कुणाला दिसत नाही ते मला दिसत होतं. भीती वाटायचीच, तरी मी बघत राहायचे.

माझी आई पावसाळ्यात गेली. मला तेव्हा पाचवा महिना होता. बाळ सातव्यातच झालं, मी बारामतीला सासरी असताना, आणि कित्येक आठवडे दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिलं. घरी सोडायची वेळ आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तितं बाईमाणूस न्हाय. बाळंतिणीचं कोण बघणार?"

माझे वडील, आबा, बाकावर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. "पहिलं बाळंतपण माहेरचं असतंय. हिची आई असती तर तुमी हे इचारलं असतं का?"

मला स्वतःला आईच्या घरी जायचं होतं. का, ते मला नीट सांगता आलं नसतं. तिथे आई नव्हती हे मलाही माहीत होतं. शेवटी ठरलं ते असं, की पुढच्या तपासणीला वजन वाढलेलं नसेल तर बाळ परत दवाखान्यात जाईल आणि मी बारामतीला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. बाळ अंगाने गार पडलं तर प्यालेलं दूध ऊब धरण्यातच संपतं, वाढीला काही उरत नाही. म्हणून तिला उघड्या छातीशी धरायचं. आईनेच धरायला हवं असं नाही, घरातलं निरोगी माणूस कुणीही चालेल.

थंडीचे दिवस होते. आबांनी आमच्या येण्याआधीच खोली तयार ठेवली होती. खिडक्यांना गोणपाटं लावली होती आणि पाळण्याच्या वर मोठा बल्ब टांगला होता. आबांचं कोंबड्यांचं शेड आहे. नव्या लॉटची पिल्लं आली की सुरुवातीचे दिवस ती अशाच बल्बखाली ठेवतात. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दुपारपर्यंत बाळ लालबुंद झालं, श्वास भराभर चालू लागला. मानेला हात लावला तर मान तापलेली. मी बल्ब बंद केला, दुपटं काढलं, गोणपाट बाजूला सारलं. हळूहळू तिचा रंग उतरला.

आबा दारात उभे राहून बघत होते. "पिल्लाला गरम झालं की ते बल्बापासून लांब सरतं," ते म्हणाले. "गार वाटलं की खाली गोळा होतं. शेडात पाय टाकला की कळतंय." मग पाळण्याजवळ आले. "हिला सरताच येत न्हाय."

बल्ब त्यांनीच उतरवला.

आई गेल्यापासून आबा शेडवरच राहत. जेवायला यायचे आणि हात धुतला की जायचे. शेजारची चुलती स्वयंपाक करून जाई. सकाळी आणि संध्याकाळी मी बाळाला छातीशी धरायचे, पण दुपारी कंबर ठणकायची आणि डोळे मिटायचे. अशाच एका दुपारी आबा जेवून उठले, ते बाहेर गेलेच नाहीत.

"कुणीबी चालतं म्हणला ना डॉक्टर?"

त्यांनी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, खुर्चीत बसले आणि माझ्याकडे पाठ करून बटणं सोडली. मी बाळाला त्यांच्या छातीवर ठेवलं आणि वरून आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळला. हात कुठे ठेवावेत ते त्यांना समजेना. काही वेळ हात हवेतच राहिले.

मी डोळे मिटून पडले, पण झोपले नाही. बाळाचा श्वास तेव्हा सरळ चालत नसे. भराभर चालायचा, मग थबकायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा. मोठ्या माणसाच्या छातीवर तो स्थिरावतो असं मी वाचलं होतं, आणि ते खरं आहे का हे मला बघायचं होतं. पाहिलं तर आबांचाच श्वास बदलला होता. काठोकाठ भरलेली कळशी घेऊन चालावं तसे ते बसल्या जागी जपून श्वास घेत होते. बाळाचं थबकणं मात्र तेव्हा मला एकदाही दिसलं नाही.

मग रोज दुपारचं तसंच ठरून गेलं. एकदा सासूबाई न कळवता आल्या. आबा खुर्चीत, सदऱ्यातून बाळाची टोपी वर आलेली. विहीणबाईंसमोर उघड्या छातीने बसायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, आणि उठताही येईना.

"काय इवाई, खुडूक बसलाय जणू," सासूबाई म्हणाल्या. "उठू नका, अंडी गार पडत्याल."

"बसा," आबा एवढंच म्हणाले. कानापर्यंत लाल झाले होते.

सासूबाईंनी लुगड्याखाली हात घालून बाळाचे पाय चाचपले. "ऊन हायती," असं स्वतःशीच म्हणाल्या आणि अळिवाची खीर करायला चुलीकडे गेल्या.

त्या गेल्यावर मी आबांना विचारलं, "मला घ्यायचे का हो असं लहानपणी?"

"तुझी आज्जी बसल्याली असायची. वडीलधाऱ्यासमोर सोताचं पोर कसं घेणार?"

"म्हणजे घेतलंच नाही."

ते बाळाच्या टोपीकडे बघत राहिले. "तुझी आई शेतावर भाकरी घिऊन यायची. न्यायला गडी असला तरी भाकरी तिच्याच हातानं यायची. तुला माझ्यापाशी ठेवायची अन् म्हणायची, मी जरा बांधावरची भाजी खुडून येती. लई वेळ लावायची."

आई गेल्यानंतर ते तिच्याबद्दल पहिल्यांदाच बोलले होते. ही गोष्ट आईने मला कधी सांगितली नव्हती. ती बांधावर किती वेळ थांबत असेल आणि लांबून बघत असेल का, असं मला विचारायचं होतं. पण बाळ हललं आणि आबांनी मला बोटाने गप्प केलं.

तपासणीला आम्ही बारामतीला गेलो. वजनकाट्यावर बाळ ठेवलं तेव्हा आबांनी भिंतीकडे तोंड केलं. वजन वाढलं होतं. डॉक्टरांनी ते दोनदा बघितलं, हसले आणि म्हणाले, आता हिची ऊब हिला पुरेल, छातीशी धरायची गरज नाही. सासूबाईंनी लगेच मला सांगितलं, अजून महिनाभर माहेरीच राहा.

परतीच्या वाटेवर आबा गप्प होते. मला वाटलं, आनंद त्यांना असाच होत असेल.

घरी जेवणं झाली. आबांनी हात धुतला, शेडची चप्पल घालायला दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. मग परत येऊन खुर्चीत बसले. हात सदऱ्याच्या बटणाकडे गेला आणि खाली आला. बाळ पाळण्यात निजलं होतं, कान पुन्हा दुमडलेला. मी तो सरळ केला आणि तिला उचलून त्यांच्याकडे नेलं.

"डॉक्टर नको म्हणला न्हवं?"

"गरज नाही म्हणाले, आबा. नको नाही म्हणाले."

त्यांनी माझ्याकडे पाठ न करताच बटणं सोडली.