मासळीच्या बर्फातला तापमापक

हावड्याच्या माझ्या कारखान्यात समुद्रात खोलवर सोडायचे तापमापक बनतात. कारखाना म्हणजे एक लेथ, दोन टेबलं आणि माझा आवाज. वशिला नव्हता, भांडवल नव्हतं. घासाघीस करून उभा केलाय. म्हणून समुद्राचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापिकाबाईंनी माझा तापमापक टेबलावर आपटला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. तो राग अजून गेलेला नाही.

"दादा, हा खोटं बोलतो. बंगालच्या उपसागराचं वरचं पाणी तापलंय, ते ठाऊक आहे. हा खालचे थरही जुन्या नोंदींपेक्षा गरम दाखवतो!"

"मग समुद्राला जाब विचारा. माझ्या मालाला का?"

"तपासल्याशिवाय पुढचा माल घेणार नाही."

"आत्ता तपासू. वितळत्या बर्फात बरोबर शून्य दाखवलं, तर माफी मागाल?"

"मागीन."

बर्फाची स्वच्छ लादी विकत मिळते. पण मी विकत का घेऊ? कोपऱ्यावरच्या मासेवाल्याकडून पाबदा मासा घेतला, भाव पाडला आणि वर बादलीभर बर्फ मागून आणला. तापमापक बुडवला. आकडा शून्याच्या खाली घसरला.

"बघा! बिघडलाय!" बाई खुशीत.

हरलेला सौदाही मी सहजी सोडत नाही. "म्हणजे हा कमी दाखवतो, असंच ना? मग समुद्र यानं सांगितलं त्याहून जास्त तापलाय. घ्या आता!"

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी बादलीचा वास घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं. "दादा, यात मीठ आहे. खारट बर्फ शून्याच्या खालीच जातो."

गारवा वाढावा म्हणून मासेवाला बर्फावर मीठ मारतो. फुकटच्या बर्फानं माझंच नाक कापलं होतं.

मुकाट्यानं लादी विकत आणली. म्हणजे थोडी घासाघीस केलीच. लादी फोडून पिण्याचं पाणी ओतलं. आकडा उतरत उतरत शून्यावर येऊन बसला, तो हलेना.

"माफी?" मी कमरेवर हात ठेवून म्हणालो.

"मागते." पण बाईंचा चेहरा असा, की जिंकल्याची मजाच गेली. "म्हणजे खालचा समुद्रही खरंच तापलाय. तुमचीच चूक निघावी असं वाटत होतं हो. थोडी तरी कमी-जास्त नाही का?"

"बाई, भावात बघू. यात नाही."

त्या गेल्यावर मी तो पुन्हा बर्फात बुडवला. या वेळी चुकावा, अशी माझीही इच्छा होती.

चुकला नाही मेला.